साखरेच्या गोळीनं हाडं ठिसूळ होतात का? मेटफॉर्मिनचं खरं काय ते समजून घेऊ

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या नात्यातल्या एक खाला फजरच्या वजूसाठी उठल्या, मोरीतल्या ओल्या लादीवर पाय सरकला आणि हातावर पडल्या. मनगट मोडलं. वय साठीच्या आसपास, साखरेची गोळी दहा-बारा वर्षांपासून चालू. प्लास्टर घालून घरी आल्या आणि चार दिवसांत कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आखाती देशातून फिरत फिरत एक मेसेज आला: शुगरच्या गोळ्या हाडं आतून पोखरतात, ताबडतोब बंद करा. खालांनी कुणाला न सांगता गोळी बंद केली. दोन महिन्यांनी तहान वाढली, थकवा आला, रात्री चार-चार वेळा उठावं लागू लागलं, तेव्हा घरच्यांना कळलं.

खालांना रागावून काय उपयोग? त्यांचा प्रश्न चुकीचा नव्हताच. "एवढंसं पडले आणि हाड मोडलं, म्हणजे आत काहीतरी बिघडलंय ना?" बिघडलेलं असू शकतं. पण ते गोळीनं बिघडलं की साखरेनं, हा खरा सवाल आहे. मुरूडपासून श्रीवर्धन-म्हसळ्यापर्यंत आपल्या कित्येक घरांत सकाळच्या चहाबरोबर ही गोळी घेतली जाते, म्हणून आम्ही जे वाचलं आणि डॉक्टरांना विचारून घेतलं ते इथे सोप्या भाषेत मांडत आहोत.

आधी गोळीची ओळख

टाइप २ मधुमेहात बहुतेकांना सुरुवातीला जी गोळी मिळते तिचं नाव मेटफॉर्मिन. पाकिटावर कंपनीचं नाव मोठं असतं, पण खाली बारीक अक्षरांत हे नाव असतं. तिचं मूळ एका झाडात आहे. युरोपात गॅलेगा नावाची एक वनस्पती जुन्या वैद्यकात वापरली जायची. तिच्यातल्या द्रव्यावरून पुढे प्रयोगशाळेत ही दवा तयार झाली. पॅरिसचे डॉक्टर जाँ स्टर्न यांनी १९५७ मध्ये मधुमेहाच्या रुग्णांवरचा तिचा उपयोग प्रसिद्ध केला. म्हणजे ही दवा साठ वर्षांहून जास्त काळ माणसांच्या वापरात आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ती आहे, आणि ती स्वस्तही आहे.

तिचं मुख्य काम यकृतात. आपण उपाशी असलो तरी यकृत रक्तात साखर सोडत असतं. मधुमेहात ते गरजेपेक्षा जास्त सोडतं. मेटफॉर्मिन ते कमी करते. ती शरीराला जबरदस्तीनं जास्त इन्सुलिन बनवायला लावत नाही, त्यामुळे एकटी घेतली तर साखर एकदम खाली जाण्याची भीती फार कमी असते.

हाड म्हणजे जिवंत बांधकाम

हाड म्हटलं की आपल्याला मटणातलं नळीचं हाड आठवतं, दगडासारखं. जिवंत माणसाचं हाड तसं नसतं. त्यात रोज तोडफोड आणि बांधकाम चालू असतं. एका प्रकारच्या पेशी जुनं, झिजलेलं हाड खरवडून काढतात. दुसऱ्या प्रकारच्या पेशी त्याच जागी नवं हाड बांधतात. या बांधणाऱ्या पेशींना डॉक्टर ऑस्टिओब्लास्ट म्हणतात. आपण त्यांना हाडांचे गवंडी म्हणू. मोठ्या माणसाच्या सांगाड्यातला साधारण दहावा हिस्सा दर वर्षी असा नव्यानं बांधला जातो. एखादा तुकडा खरवडायला काही आठवडे लागतात, पण तो भरून काढायला तीन-चार महिने. पाडणं झटपट, बांधणं सावकाश. म्हणून गवंडी कमी पडले किंवा आजारी पडले की तोटा साठत जातो.

हे बांधकाम आपल्या स्लॅबसारखंच असतं. स्लॅबमध्ये लोखंडी सळई आणि सिमेंट असतं. हाडात कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे धागे म्हणजे सळई, आणि कॅल्शियमचे क्षार म्हणजे सिमेंट. सिमेंटमुळे कडकपणा येतो, सळईमुळे लवचीकपणा. दोन्ही धड असतील तर धक्का पचतो.

साखर हाडाचं काय करते?

समुद्राकाठी राहणाऱ्यांना हे समजवायला वेळ लागत नाही. खाऱ्या हवेत घर बांधलं की काही वर्षांत स्लॅबमधली सळई गंजते. बाहेरून स्लॅब जाडजूड दिसतो, रंगही ताजा असतो, आणि एक दिवस पोपडा खाली येतो. मधुमेहातल्या हाडाचं काहीसं असंच होतं.

रक्तातली जास्तीची साखर प्रथिनांना चिकटत राहते. पावाची कड भाजताना तपकिरी होते ती साखर आणि प्रथिन यांच्या अशाच संयोगानं. तव्यावर ते मिनिटांत होतं, शरीरात वर्षानुवर्षं मंद गतीनं. आपण तीन महिन्यांची सरासरी साखर पाहायला एचबीए१सी तपासतो, ती नेमकी हीच गोष्ट मोजते: रक्तातल्या हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली. फरक एवढाच की लाल रक्तपेशी साधारण १२० दिवसांत बदलतात, म्हणून पथ्य पाळलं की तो आकडा तीन महिन्यांत खाली येऊ शकतो. हाडातलं कोलॅजन वर्षानुवर्षं तेच असतं. त्याला चिकटलेली साखर पुढे पक्क्या गाठी बनवते, धागे ताठ होतात, लवचीकपणा जातो. ते बदलायचं तर गवंड्यांनी नवं बांधकाम करायला हवं.

आणि इथेच दुसरी अडचण येते, कारण जास्त साखरेनं गवंडीही जायबंदी होतात. पेशीच्या आत साखर जाळून शक्ती तयार करणाऱ्या भट्ट्या असतात. साखरेचा मारा जास्त झाला की त्या भट्ट्यांतून ऑक्सिजनची घातक रूपं बाहेर पडतात. त्यांना फ्री रॅडिकल म्हणतात. लोखंडाला गंज चढावा तशी ती पेशीच्या आतल्या भागांना इजा करतात. काही पेशी काम मंदावतात, काही मरतात. शिवाय साखर चिकटून बिघडलेली प्रथिनं गवंड्यांच्या अंगावरच्या खास जागांना जाऊन चिकटतात आणि इजा वाढवतात. तिसरी गोष्ट, हाडांच्या मगजातल्या ज्या मूळ पेशींपासून गवंडी तयार व्हायचे, त्या चरबीच्या पेशी बनण्याकडे जास्त झुकतात. म्हणजे जुने कामगार आजारी आणि नवी भरती कमी.

म्हणूनच टाइप २ मधुमेहात एक विचित्र गोष्ट दिसते. हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी केली तर आकडा कित्येकदा ठीक येतो, कधी चांगलाही येतो. तरी हाड मोडण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. डेक्सा सिमेंट मोजते, सळईचा गंज तिला दिसत नाही. पनवेल-मुंबईला जाऊन ही तपासणी करून आलेल्यांनी "रिपोर्ट नॉर्मल आहे" म्हणून निर्धास्त राहू नये, ते यासाठी.

मेटफॉर्मिन गवंड्यांना कशी सांभाळते?

आता मूळ मुद्दा. मेटफॉर्मिन रक्तातली साखर कमी करते, एवढ्यानंही हाडांवरचा मारा कमी होतो. पण संशोधकांना प्रश्न पडला की ती थेट हाडांच्या पेशींवरही काही काम करते का?

२००६ मध्ये अर्जेंटिनातल्या ला प्लाटा विद्यापीठाच्या संशोधकांनी उंदरांच्या हाड बांधणाऱ्या पेशी काचेच्या बशीत वाढवून त्यांना मेटफॉर्मिन दिली. पेशींची वाढ झाली, त्यांनी जास्त कोलॅजन बनवलं आणि हाडाच्या खनिजाचे दाणे जमवायला सुरुवात केली. २००८ मध्ये याच गटानं साखर चिकटून बिघडलेली प्रथिनं पेशींवर सोडली. त्यांनी पेशींचं नुकसान झालं. सोबत मेटफॉर्मिन दिली तेव्हा ते नुकसान भरून निघालं. २०१० मध्ये चीनमधल्या संशोधकांनी पेशींना जास्त साखरेच्या द्रावणात ठेवून पाहिलं. तिथेही मेटफॉर्मिननं घातक ऑक्सिजनचं प्रमाण उतरवलं आणि पेशी पुन्हा कामाला लागल्या.

हे होतं कसं? आपल्या पेशींत एएमपीके नावाचं एक प्रथिन आहे. ते इंधनाच्या काट्यासारखं काम करतं. इंधन कमी पडतंय असं दिसलं की ते जागं होतं आणि पेशीला उधळपट्टी थांबवून काटकसरीनं चालायला लावतं. मेटफॉर्मिन पेशीतल्या भट्टीचा वेग किंचित कमी करते, त्यामुळे हा काटा हलतो. भट्टी शांत झाली की धूर कमी, म्हणजे फ्री रॅडिकल कमी. शिवाय मूळ पेशीनं हाडाची पेशी बनावं की चरबीची, हे ठरवणाऱ्या सूचनांमध्ये मेटफॉर्मिनमुळे हाडाकडचं पारडं जड होतं, असंही या प्रयोगांत दिसलं.

या विषयाचे दोन्ही धागे आपल्या राज्यातही हाताळले जातात. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात डॉ. मोहन वाणी यांच्या गटानं हाड तोडणाऱ्या आणि बांधणाऱ्या पेशींवर वर्षानुवर्षं काम केलं आहे. पुण्यातल्याच राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. महेश कुलकर्णी यांच्या गटानं मधुमेहात प्रथिनांना साखर चिकटण्याचा अभ्यास केला आहे. विज्ञान शिकणाऱ्या आपल्या मुला-मुलींनी ही नावं माहीत करून घ्यावीत. हे काम दूर परदेशातच होतं असं नाही.

मग ही हाडांची दवा झाली का?

नाही. इथे घाई करायची नाही.

पहिली गोष्ट, बशीतल्या पेशींना दिलेली मात्रा आपण गोळी घेतल्यावर रक्तात पोचते त्यापेक्षा बऱ्याचदा कितीतरी पट जास्त असते. दुसरी, उंदरांवरच्या प्रयोगांचे निकाल एकसारखे नाहीत. काहींत हाडांना फायदा दिसला, काहींत काहीच फरक दिसला नाही. तिसरी आणि सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट माणसांची. डेन्मार्कमध्ये २००० साली हाड मोडलेल्या १,२४,६५५ लोकांच्या नोंदी तपासून २००५ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मेटफॉर्मिन घेणाऱ्यांमध्ये हाड मोडण्याची शक्यता सुमारे १९ टक्के कमी आढळली. पण मेटफॉर्मिन बहुधा आजाराच्या सुरुवातीला आणि किडनी चांगली असलेल्यांना दिली जाते. असे लोक मुळातच थोडे धडधाकट असतात. मग श्रेय गोळीचं किती आणि माणसाच्या तब्येतीचं किती, हे नुसत्या नोंदींवरून ठरत नाही. पुढे डेन्मार्कमध्येच रुग्णांना चिठ्ठ्या टाकाव्या तसे दोन गटांत वाटून, इन्सुलिनसोबत १८ महिने मेटफॉर्मिन किंवा तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी देऊन पाहिलं. हाडांच्या घनतेत ठोस फरक निघाला नाही.

याचा सरळ अर्थ असा: मेटफॉर्मिन हाडांना इजा करते असा पुरावा नाही. ती हाडांच्या पेशींना वाचवत असावी, असं मानायला चांगली कारणं आहेत. पण मधुमेह नसताना फक्त हाडांसाठी कुणी ती घ्यावी, असं कुठलाही जबाबदार डॉक्टर आज सांगणार नाही. शेजारणीची गोळी मागून घ्यायची नाही.

मेसेज आला कुठून?

अफवेतही कधी कधी सत्याचा एक कण असतो. शुगरच्या सगळ्या गोळ्या एक नाहीत. पायोग्लिटाझोन आणि रोझिग्लिटाझोन अशी नावं असलेला एक वेगळा गट आहे. या गोळ्या साखर उतरवतात, पण हाडांच्या मगजातल्या मूळ पेशींना चरबीकडे वळवतात. म्हणजे गवंड्यांची भरती कमी करतात. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत ४,३६० रुग्णांना तीन वेगवेगळ्या गोळ्या देऊन काही वर्षं पाहिलं होतं. बायकांमध्ये हाड मोडण्याचं प्रमाण रोझिग्लिटाझोनच्या गटात ९.३ टक्के होतं, मेटफॉर्मिनच्या गटात ५.१ टक्के आणि ग्लायब्युराइडच्या गटात ३.५ टक्के. पुरुषांमध्ये असा फरक दिसला नाही. बघा, मेटफॉर्मिन इथे पहिल्या नंबरावर आली नाही. म्हणूनच आम्ही वर तिला हाडांची दवा म्हटलं नाही.

रोझिग्लिटाझोन हृदयाच्या धोक्यामुळे भारतात २०१० मध्ये बंद झाली. पायोग्लिटाझोनवर २०१३ मध्ये बंदी आली, तीही मूत्राशयाच्या कॅन्सरच्या शंकेमुळे, आणि काही आठवड्यांत इशाऱ्यासह उठली. ती आजही काहींना दिली जाते, काही वेळा मेटफॉर्मिनबरोबर एकाच गोळीत. म्हणून पाकिटामागची सगळी नावं वाचावीत. पायोग्लिटाझोन असेल आणि घरातल्या बाईचं वय पन्नाशीपुढे असेल किंवा आधी कधी हाड मोडलं असेल, तर डॉक्टरांना तसं सांगावं. गोळी बदलायची की नाही ते डॉक्टर ठरवतील. स्वतः बंद करू नये.

आणखी एक नाव लक्षात ठेवा: ग्लिमेपिराइड. आपल्याकडे मेटफॉर्मिनसोबत ही फार चालते. ती हाडांना इजा करते असं नाही, पण जेवण चुकलं तर साखर एकदम खाली नेऊ शकते. घाम, थरथर, चक्कर, आणि मग माणूस पडतो. मोडलेल्या हाडाला तेवढंही पुरतं.

घरात काय करायचं?

आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार भारतात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे, आणि सगळ्यांत जास्त प्रमाण, २६.४ टक्के, आपल्या शेजारच्या गोव्यात आढळलं. म्हणजे हा विषय एका खालांचा नाही.

गोळी जेवणासोबत घ्या, म्हणजे पोटाला त्रास कमी होतो. जुलाब-उलट्या होत असतील, अंगातलं पाणी कमी झालं असेल, किंवा शिरेतून डाय देऊन स्कॅन करायचा असेल, तर गोळी चालू ठेवायची का ते डॉक्टरांना विचारा. किडनीची तपासणी वेळोवेळी करा, कारण किडनी फार कमजोर झाली तर ही गोळी चालत नाही. बरीच वर्षं घेतली तर काहींचं बी१२ जीवनसत्त्व कमी होतं. पाय बधिर वाटणं, मुंग्या येणं हे त्यानंही होऊ शकतं आणि मधुमेहानंही. बधिर पायाला ओली लादी कळत नाही. म्हणून बी१२ तपासून घ्या.

रमझानआधी एक-दोन महिने डॉक्टरांना भेटा. एकदाच गोळी असेल तर ती बहुधा इफ्तारला घ्यायला सांगतात, दोनदा असेल तर इफ्तार आणि सहरी अशी वाटून. ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन असेल तर मात्रा बदलावी लागू शकते. अंदाजानं करू नका.

वजूच्या जागेकडे आजच बघा. शेवाळ घासून काढा, रबरी मॅट टाका, हाताला धरायला भिंतीत एक दांडी बसवा. अंधारात फजरला उठणाऱ्यांसाठी वाटेत छोटा दिवा ठेवा. नानी-दादींना बसून वजू करायला स्टूल द्या. एवढा खर्च प्लास्टरच्या खर्चापुढे काहीच नाही.

जेवणात काटे चावून खाता येतील अशी मांदेली, जवळा, दूध-दही, आणि तांदळाच्या भाकरीसोबत अधूनमधून नाचणीची भाकरी असू द्या. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्राम कॅल्शियम असतं, तांदळात त्याच्या जवळपासही नाही. पण नाचणीतही पिठूळपणा असतोच, तेव्हा भाकऱ्या मोजूनच. सुकटीतलं मीठ लक्षात ठेवा, विशेषतः बीपी असेल तर. आपल्या घरातल्या बऱ्याच बायका दिवसभर सावलीत असतात. गच्चीवर किंवा परसात पडद्याची सोय करून हातापायांवर थोडं ऊन घ्यावं आणि ड जीवनसत्त्व तपासून घ्यावं. आणि चालावं. हाडांवर वजन पडलं की गवंड्यांना कामाची खूण मिळते.

साध्या पडण्यानं मनगट, मणका किंवा खुब्याचं हाड मोडलं, तर प्लास्टरवर थांबू नका. "हाड एवढ्यानं का मोडलं?" हे डॉक्टरांना विचारा. हाडांसाठी वेगळी औषधं आहेत आणि ती वेळेवर सुरू करता येतात.

आमच्या खालांची गोळी पुन्हा सुरू झाली आहे. मोरीत दांडी बसली, ती त्यांच्या नातवानं बसवली. मेसेज पाठवणाऱ्या भाच्यालाही त्यांनी फोन केला, म्हणाल्या, "बेटा, तुझी नीयत चांगली होती, पण पुढच्या वेळी आधी डॉक्टरांना विचार, मग मला पाठव." आपल्या ग्रुपवर असा मेसेज आला तर आपणही एवढंच करू या. शिफा देणारा अल्लाह आहे. दवा नीट घेणं आपल्या हातात आहे.